बर्लिओझची ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ सिंफनी: नायक-नायिका गातच नसतील, तर हे ध्वनिमुद्रण ऐकायचे कसे?

अर्धविराम (प्रश्न)

गेल्या पंधरवड्यात मी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच रचनाकार एक्तोर बर्लिओझ याची ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ ही सिंफनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) तीन वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकली. माझ्याकडे आहे ते कॉलिन डेव्हिस यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह १९६८ साली केलेले ध्वनिमुद्रण. पॅट्रिशिया कर्न, रॉबर्ट टिअर आणि जॉन शर्ली-क्वर्क हे त्यातले तीन एकल गायक. रचना दीड तासाहून थोडी मोठी आहे आणि तिन्ही वेळा मी जवळजवळ त्याच ठिकाणी अडखळलो, म्हणून हा धागा काढतो आहे.

शेक्सपिअरचे नाटक मला चांगले ठाऊक आहे. त्यामुळे कोरस (गाणारा समूह) आहे, एकल गायक आहेत म्हटल्यावर रोमिओ आणि ज्युलिएट यांच्या तोंडी काहीतरी गाणे असणारच, असे मी गृहीत धरले होते. संगीत नाटकाच्या पदांवर पोसलेल्या कानाची ही खोड म्हणा. प्रत्यक्षात कॉन्ट्राल्टो (खालच्या पट्टीची गायिका) गाते ती ज्युलिएट नव्हे आणि टेनर (वरच्या पट्टीचा गायक) गातो तो रोमिओ नव्हे. सज्जाखालच्या भेटीत प्रेमिकांच्या वाट्याला एक अक्षरही आलेले नाही, बोलतो तो केवळ ऑर्केस्ट्रा. ज्या थडग्यापाशी दोघेही प्राण सोडतात तिथे सात-आठ मिनिटे जे चालते, ते तर मला तुकड्यातुकड्यांचे वाटले: एक आकांत, मग शांतता, मग एखाद्या वाद्याची एकाकी ओळ, पुन्हा कल्लोळ. त्यानंतर अचानक प्रेमिकांचे गुपचूप लग्न लावणारा पाद्री लॉरेन्स पुढे येतो आणि जवळजवळ ऑपेराच सुरू होतो.

प्रेमिकांनाच मुके ठेवण्यामागे बर्लिओझचा हेतू काय असावा, आणि ही गाठ सुटण्यासाठी दुसरे एखादे ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडेल का, हे जाणकारांनी सांगावे. जाता जाता आणखी एक: मी ज्या ॲपवर हे ऐकतो ते प्रत्येक ट्रॅक संपला की क्षणभर थांबते, त्यामुळे रोमिओच्या एकांतातून मेजवानीच्या गजबजाटात शिरताना मधेच पडदा पडल्यासारखे होते. माझ्या अडखळण्यात या थांबण्याचा वाटा किती आणि माझ्या अज्ञानाचा किती, हेही मला ठरवता येत नाही.

विंगेतून

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बर्लिओझने स्वतःच देऊन ठेवले आहे. स्वरलिपीला जोडलेल्या प्रस्तावनेत तो म्हणतो की ही मैफलीत गायचा ऑपेरा नाही, कँटाटाही (अभिनयाविना सादर होणारी गायक-वाद्यांची रचना) नाही. ही कोरससह रचलेली सिंफनी आहे. प्रेमाची युगुलगीते थोर रचनाकारांनी हजारदा लिहून झाली आहेत, तेव्हा वेगळी वाट धरणे शहाणपणाचे, हे तो आधी सांगतो. मग मुद्द्यावर येतो: गायलेल्या शब्दांनी या प्रेमाला एक ठरावीक अर्थ चिकटला असता, उलट वाद्यांची भाषा अधिक समृद्ध आणि अधिक वैविध्याची आहे आणि तिच्या संदिग्धतेमुळेच तिचा परिणाम कितीतरी जास्त होतो.

या भूमिकेच्या मागे एक प्रसंग आहे, तो मला प्रस्तावनेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर १८२७ मध्ये एक इंग्रजी नाटक मंडळी पॅरिसच्या ओदेओं नाट्यगृहात शेक्सपिअरचे प्रयोग करत होती. तेव्हा तेवीस वर्षांच्या बर्लिओझने चार दिवसांच्या अंतराने आधी ‘हॅम्लेट’ आणि मग ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ पाहिले. ऑफेलिया आणि ज्युलिएट या दोन्ही भूमिका हॅरिएट स्मिथसनच्या होत्या, आणि पुढे १८३३ मध्ये त्याने तिच्याशी लग्नही केले. त्या वेळी त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. म्हणजे ज्या नाटकाने त्याचे आयुष्य ढवळून काढले ते त्याच्यापर्यंत पोचले ते आवाजाच्या चढउतारांतून, थांबण्यांतून आणि हालचालींतून. शब्दांचा अर्थ त्यात फारसा नव्हताच. बारा वर्षांनी त्याच प्रेमिकांसाठी त्याने शब्दांवाचून संगीत लिहिले याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पण सज्जाखालचा प्रसंग ऐकताना तो मला दर वेळी पटतो.

वाद्य बोलते कसे, हे तो श्रोत्याला सुरुवातीलाच शिकवतो. पहिल्या भागात व्हायोला या व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्यांपासून चकमक सुरू होते, एकेक वाद्यगट दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो आणि भांडण ऐन भरात असताना ट्रॉम्बोन आणि ऑफिक्लाइड (खर्जाचे जुने पितळी वाद्य) त्या सगळ्यांना दरडावतात. हा व्हेरोनाचा राजा. तो गात नाही, पण त्याचे वाक्य अगदी भाषणासारखे आहे: जिथे श्वास घ्यायचा तिथे घेतो, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवतो. नीट कान दिलात तर लक्षात येईल की त्याचे सूर भांडणाऱ्यांचेच आहेत, फक्त ताणून संथ केलेले. ही पाच मिनिटे पचली की पुढे चेलो म्हणजे रोमिओ हे वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर येणारा लहानसा कोरस आपल्या सूत्रधारासारखा आहे. तो सगळी गोष्ट आधीच सांगून टाकतो आणि मेजवानीची व प्रेमप्रसंगाची सुरावट ओझरती ऐकवूनही ठेवतो. कॉन्ट्राल्टोचे पद आणि टेनरने सांगितलेली परीराणी मॅबची (नाटकातल्या स्वप्ने आणणाऱ्या परीची) छोटी गंमत, दोन्ही याच सूत्रधारी निवेदनाचा भाग आहेत. त्यामुळे ‘ही कोण?’ आणि ‘हा कोण?’ असे विचारत बसू नये. ते गोष्ट सांगणारे आहेत, गोष्टीतले नाहीत. संपूर्ण रचनेत एकच एकल गायक पात्र म्हणून उभा राहतो, तो पाद्री लॉरेन्स.

आता थडगे. तुम्ही शेक्सपिअरचा पाचवा अंक मनात धरून ऐकता आहात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. ओदेओंमध्ये बर्लिओझने पाहिला तो शेवट डेव्हिड गॅरिकने अठराव्या शतकात बदललेला होता. त्यात रोमिओ विष पितो, पण त्याचा जीव जाण्याआधीच ज्युलिएट जागी होते; काही क्षण दोघांना एकमेकांचा लाभ होतो आणि मग विष आपले काम करते. बर्लिओझच्या संगीतात हा क्रम पावलापावलाने येतो. आधी रोमिओचे धावत येणे आणि ठेचकाळत थांबणे. मग इंग्लिश हॉर्न आणि बासून या फुंकवाद्यांची लांब, प्रार्थनेसारखी ओळ. मग खालच्या तारवाद्यांत उतरणारे विष. यानंतर सगळे थांबते आणि एकटे क्लॅरिनेट अगदी हलक्या आवाजात चाचपडत उठू लागते. ती ज्युलिएट. त्यापुढचा कल्लोळ हा आकांत नव्हे, आनंद आहे: सज्जाखालचीच सुरावट वेड लागल्यासारखी धावते आणि मधेच मोडून पडते. स्वरलिपीत या भागाच्या शीर्षकातच आवाहन, ज्युलिएटची जाग, उन्मत्त आनंद, निराशा आणि दोघांचा मृत्यू अशी नोंद आहे. ती समोर ठेवून एकदा ऐका.

तुम्हाला हा भाग कळला नाही याचे वाईट वाटून घेण्याचेही कारण नाही. बर्लिओझनेच स्वरलिपीत टीप दिली आहे की गॅरिकच्या शेवटासह हे नाटक मुखोद्गत असलेल्या निवडक श्रोत्यांपुढे नसाल, तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हा भाग गाळावा. टिपेतला वैताग खरा आहे. कोणताही कंडक्टर आता ती पाळत नाही, हे आपले नशीब.

तबकडीप्रेमी

‘विंगेतून’ यांनी मूळ गाठ सोडवली आहे, तेव्हा मी ध्वनिमुद्रणांपुरते लिहितो.

आधी ॲपचे. ट्रॅकमधला तो थांबा येथे खरोखर घात करतो. ‘रोमिओ एकटा’ या भागाची सुरुवात व्हायोलिनच्या एकाकी, साथ नसलेल्या ओळीने होते. पुढे ओबोवर एक संथ सुरावट येते, आणि मेजवानी ऐन रंगात असताना तीच सुरावट पितळी वाद्यांवर नाचाच्या डोक्यावरून जाऊ लागते. बर्लिओझने त्या जागी ‘दोन सुरावटींचे मीलन’ असे लिहूनच ठेवले आहे. गर्दीत उभा असलेला रोमिओ अजून एकटाच आहे, हे त्याने अशा रीतीने सांगितले. एकांत आणि मेजवानी यांच्यामध्ये शांततेची फट पडली, तर हे मीलन म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ट्रॅक सलग वाजवण्याची सोय असल्यास ती सुरू करा, नसल्यास सीडी बरी.

तुमचे १९६८ चे डेव्हिस मुळीच टाकून देऊ नका. डेव्हिस यांनी ही रचना पुढे १९९३ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह आणि नंतर पुन्हा लंडन सिंफनीसह ध्वनिमुद्रित केली, पण मी अजूनही पहिल्याकडेच परत जातो. त्यात प्रेमप्रसंगाला घाई नाही आणि गोडवा ओतण्याचा मोहही नाही. शर्ली-क्वर्क यांचा लॉरेन्स व्यासपीठावरून उपदेश करत नाही, आपल्या हातून काय घडले हे कळलेला माणूस बोलतो तसा बोलतो.

याला पूरक म्हणून मी आर्तुरो टोस्कानिनी यांचे सुचवीन. १९४७ च्या फेब्रुवारीत, ऐंशीला टेकलेले असताना, त्यांनी एनबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राकडून ही रचना रेडिओसाठी संपूर्ण करवून घेतली. आवाज कोरडा आहे, मोनो आहे, आणि पुढच्या परिच्छेदात लिहिले आहे ती नजाकत त्यात शोधू नये. पण थडग्याचा भाग तुम्हाला तुकड्यातुकड्यांचा वाटतो ना? तिथे टोस्कानिनी ऐका. दोन तुकड्यांमधली शांतता ते मोकळी सोडत नाहीत, तीही तालात असल्यासारखी ताणलेली राहते.

माझी स्वतःची कसोटी मात्र परीराणी मॅबचा स्केर्झो (चपळ, खेळकर भाग) ही आहे. प्रचंड वेग, तारवाद्यांवर म्यूट (आवाज दबवणारी चिमटी), आवाज जवळजवळ सगळा वेळ कुजबुजीइतका. आणि शेवटाकडे दोन लहानशा प्राचीन धर्तीच्या झांजा, एक बी फ्लॅट आणि एक एफ या सुरात लावलेली. या झांजांचा नाद नखाने काचेचा पेला टिचकावावा तेवढा असायला हवा, तरी तो हॉर्नच्या आणि हार्पच्या वरून ऐकू यायला हवा. मुद्रण करणाऱ्याने माइक फार जवळ ठेवला की देवळातली घंटा होते, फार दूर ठेवला की काहीच उरत नाही. शार्ल म्यून्श यांचे बॉस्टन सिंफनीसह १९६१ मध्ये केलेले स्टिरिओ मुद्रण याच भागासाठी मी काढतो. त्यांचा वेग कधीकधी अंगावर येतो, पण मॅबला तो शोभतो.

जॉन एलियट गार्डिनर यांचे मुद्रण वेगळ्या कारणासाठी घेण्यासारखे आहे. वाद्ये बर्लिओझच्या काळातली आहेत, त्यामुळे ऑफिक्लाइडच्या जागी ट्यूबा येत नाही आणि राजाच्या दरडावण्याला एक खरखरीत, हिरमुसलेला रंग येतो. शिवाय १८३९ च्या पहिल्या प्रयोगातले आणि पुढे बर्लिओझने गाळलेले भागही त्यात दिले आहेत, विशेषतः अंत्ययात्रेच्या आधी येणारे दुसरे सूत्रधारी निवेदन. ते ऐकल्यावर बर्लिओझने ते का गाळले हे लगेच कळते: जे वाद्ये सांगणार आहेत ते कोरस आधीच सांगून मोकळा होतो. अलीकडचे हवे असल्यास जॉन नेल्सन यांनी २०२२ मध्ये स्ट्रासबुर्ग फिलहार्मोनिकसह केलेले घ्या. जॉयस डिडोनाटो यांनी कॉन्ट्राल्टोचे पद त्यात फार जपून गायले आहे.

खर्जातला

वरच्या दोघांशी सहमत असूनही एक कटू गोष्ट लिहितो. मी ही रचना वीसेक वर्षे ऐकतो आहे आणि बहुतेक वेळा थडग्याचा भाग संपला की थांबतो. ज्या रचनाकाराने तासभर प्रेमिकांना शब्दांपासून दूर ठेवले, त्यानेच शेवटी एका पाद्र्याला उभे करून सगळे स्पष्टीकरण शब्दांत द्यायला लावावे, हे मला पटत नाही. लॉरेन्सचे गायन चांगले आहे, दोन्ही घराण्यांच्या समेटाच्या शपथेचा समूहस्वर भव्य आहे, पण तो भव्यपणा दुसऱ्याच कोणत्या तरी रंगमंचावरून आणल्यासारखा वाटतो. १८३९ च्या पॅरिसमध्ये भव्य ऑपेराची चलती होती, आणि त्याची छाया या शेवटावर पडली आहे असे माझे मत आहे. ‘अर्धविराम’ यांचे अडखळणे माझ्या लेखी केवळ अज्ञान नाही. सांधा तिथे खरोखरच दिसतो.

विंगेतून

सांधा दिसतो हे मला मान्य आहे, पण तो चुकून राहिला आहे असे मला वाटत नाही. प्रेमिक आणि त्यांची घराणी यांच्यात बर्लिओझने पहिल्यापासून एक भेद ठेवला आहे: प्रेमिकांना वाद्ये, घराण्यांना शब्द. प्रेमप्रसंगाच्या आरंभी मेजवानीहून परतणारे कॅप्युलेट (ज्युलिएटच्या घराण्यातले) तरुण दुरून गातात, त्यांचे आवाज विरतात आणि ते पूर्ण विरल्याखेरीज प्रेमाची सुरावट सुरू होत नाही. शब्दांची माणसे निघून गेल्यावरच हे दोघे बोलू शकतात. दोघेही मेले की उरतात ती शब्दांची माणसे.

मधली पायरी अंत्ययात्रेत आहे, आणि ती या रचनेतली सर्वांत बारीक कारागिरी असावी. आरंभी ऑर्केस्ट्रा फ्यूगच्या धर्तीची (एकच सुरावट वाद्यगट एकामागून एक उचलतात तशी) शोकयात्रा वाजवतो आणि कोरस त्यावर एकाच सुरावर, प्रार्थना पुटपुटावी तसा, फुले उधळा म्हणत राहतो. अर्ध्यावर अदलाबदल होते: शोकयात्रेची सुरावट कोरसकडे जाते आणि तो एकटा सूर वाद्यांकडे येतो. म्हणजे शब्द आणि वाद्ये यांनी एकमेकांचे काम उचलून पाहिले. ज्युलिएट तेव्हा मेलेली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे आणि कोरसला नाही. सगळी शोकयात्रा एका गैरसमजावर चालली आहे. हे ध्यानात ठेवून शेवटाकडे या. लॉरेन्स खरे काय ते सांगतो, तरी दोन्ही घराणी पुन्हा एकमेकांवर धावून जातात, आणि त्या वेळी ऑर्केस्ट्रात पहिल्या भागातलीच चकमक परत येते. शब्दांनी समजूत पटली असती तर ती परत आली नसती.

जर्मन ऑपेराकार वाग्नर १८३९ मध्ये पॅरिसमध्ये होता आणि त्याने ही सिंफनी तेव्हा ऐकली. १८६० मध्ये त्याने आपल्या ‘ट्रिस्टान आणि इसोल्डे’ या ऑपेराची छापील स्वरलिपी बर्लिओझला भेट दिली, तेव्हा त्यावर बर्लिओझचा उल्लेख त्याच्या इतर कोणत्या कृतीने न करता ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा कर्ता असा केला आणि स्वतःला कृतज्ञ म्हटले. ज्याने पुढे प्रेमिकांना तासन्‌तास गायला लावले, तो या मुक्या जोडीचे ऋण मानत होता, ही गोष्ट मला गमतीची वाटते.

अर्पणपत्रिकेचीही अशीच गोष्ट आहे. डिसेंबर १८३८ मध्ये बर्लिओझचीच आधीची सिंफनी ‘इटलीतील हॅरल्ड’ ऐकून विख्यात व्हायोलिनवादक पागानिनीने त्याला वीस हजार फ्रँक दिले. कर्ज फिटले, वृत्तपत्री लिखाणातून सवड मिळाली आणि पुढच्या वर्षी ही सिंफनी उभी राहिली, ती पागानिनीलाच अर्पण केलेली. घशाच्या विकाराने पागानिनीचा आवाज तोवर गेला होता, मनातले तो मुलाच्या कानाशी पुटपुटे आणि मुलगा ते मोठ्याने सांगे. १८४० मध्ये तो वारला. ही सिंफनी त्याला कधी ऐकायला मिळाली नाही.

अर्धविराम

सर्वांचे आभार. काल रात्री सेटिंग बदलून, ट्रॅक सलग लावून, आणि ‘विंगेतून’ यांनी दिलेला क्रम कागदावर उतरवून डेव्हिस पुन्हा ऐकले. क्लॅरिनेटची जागा आली तेव्हा मी चक्क श्वास रोखून बसलो होतो. तीन वेळा ही ओळ माझ्या कानावरून गेली होती आणि तिन्ही वेळा ती मला मृत्यूनंतरची शांतता वाटली होती. ती जाग आहे हे कळल्यावर पुढचा कल्लोळ ऐकवेना, कारण त्यातला आनंद किती थोडा वेळ टिकणार हे आता माहीत होते.

‘खर्जातला’ यांच्याप्रमाणे तिथेच थांबून पाहिले, आणि दहा मिनिटांनी उठून शेवट लावला. चकमक परत येते ती जागा सापडली. लॉरेन्सबद्दल माझे मत अजून बनलेले नाही. टोस्कानिनींचे मुद्रण मिळाले आहे, पण ते थडग्यापासून ऐकायला सुरुवात करावी की सुरुवातीपासून, हे ‘तबकडीप्रेमी’ यांनी सांगावे.

तबकडीप्रेमी

सुरुवातीपासून. राजाचे वाक्य ऐकल्याशिवाय थडग्याकडे जाऊ नका.